‘जी’ कुटुंबाची वंशावळ

रोगाच्या इतिहासात वैद्याचे नाव उरते आणि रोग्याचे पुसले जाते, असा जणू नियमच आहे. ज्याने व्याधी ओळखली त्याचे नाव त्या व्याधीस मिळते. ज्याने ती भोगली, आणि पुष्कळदा वैद्याच्याही आधी ओळखली, तो मात्र ‘एक स्त्री’, ‘एक शेतकरी’ एवढ्याच ओळखीने ग्रंथाच्या कोपऱ्यात पडून राहतो. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या कर्करोगाचे जे ज्ञान आज जगास उपलब्ध आहे, त्यातील फार मोठ्या भागाचा आरंभ अशाच एका स्त्रीच्या बोलण्यातून झाला.

साल १८९५. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी ऑल्ड्रेड वॉर्थिन हे तरुण विकृतिशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांची गाठ शिवणकाम करून निर्वाह चालविणाऱ्या एका स्त्रीशी पडली. ती खिन्न दिसली म्हणून त्यांनी विचारपूस केली. आपल्या घराण्यातील माणसे पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगानेच जातात, तेव्हा आपलेही मरण त्यानेच आणि अकाली येणार, असे तिने सांगितले. त्या वेळी ती धडधाकट होती. दुसऱ्या एखाद्याने ‘मनातून काढून टाका, बाई’ असे म्हणून तिची समजूत घातली असती. वॉर्थिन यांनी तिचे म्हणणे खरे मानून ऐकले, आणि घराण्यातील कोण, केव्हा, कशाने गेले याची माहिती तिच्याकडून मिळवून टिपण्यास आरंभ केला. पुढे त्या स्त्रीचे भाकीत अक्षरशः खरे ठरले. गर्भाशयाच्या कर्करोगानेच ती ऐन वयात गेली.

वॉर्थिन यांनी ही नोंद सोडली नाही. १९१३ साली त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला व त्यात या घराण्यास ‘जी’ हे एकच अक्षर नाव म्हणून दिले. घराण्याचा मूळपुरुष जर्मनीतून मिशिगनला येऊन स्थायिक झालेला. तोही कर्करोगानेच वारला होता. त्याच्या ४८ वंशजांपैकी १७ जणांना कर्करोगाने गाठले होते, आणि त्यांत गर्भाशय व जठर यांचे रोगच प्रामुख्याने होते. अशा घराण्यांकडे याआधी कोणाचेच लक्ष गेले नव्हते असे नव्हे. फ्रान्सचे शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी १८६६ सालीच आपल्या पत्नीच्या घराण्यातील स्तनाच्या कर्करोगाची परंपरा नमूद केली होती. परंतु त्या काळच्या बहुतेक वैद्यांस ही गोष्ट पटत नसे. कर्करोग हा सर्वत्र आढळणारा रोग. तो एखाद्या घरात चार वेळा आला तर तो निव्वळ योगायोग, असेच त्यांचे म्हणणे होते. वॉर्थिन १९३१ साली निवर्तले. १९३६ साली त्यांच्या विद्यापीठातील सहकाऱ्यांनी आणखी एक टिपण प्रसिद्ध केले, आणि नंतर ते दप्तर विद्यापीठात पडून राहिले.

या चाळीस वर्षांचा हिशेब मांडला तर एक कटू सत्य दिसून येते. घराने आपले दुःख विद्येच्या स्वाधीन केले, पण विद्येकडून घराकडे परत असे काहीच आले नाही. निबंध झाला, आकडे झाले, वंशवृक्षाच्या आकृत्या झाल्या. माणसे मात्र पूर्वीसारखीच मरत राहिली. उलट, त्या काळी पाश्चात्त्य देशांत सुप्रजननाच्या नावाखाली ‘दूषित’ घराण्यांनी विवाहच करू नये असा विचार जोर धरीत होता. उपायावाचूनचे ज्ञान किती निष्ठुर होऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

हे चित्र पालटण्यास कारण झाला तोही एक रोगीच. १९६०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे हेन्री लिंच हे तरुण डॉक्टर उमेदवारी करीत होते. गरिबीत वाढलेला, वय चोरून नौदलात शिरलेला, काही काळ मुष्टियुद्धेही खेळलेला हा मनुष्य. त्यांच्याकडे अतिमद्यपानाने खालावलेला एक रोगी आला. इतके का पितोस, या प्रश्नास त्याने जे उत्तर दिले ते शिवणकाम करणाऱ्या त्या स्त्रीच्या उत्तराचाच प्रतिध्वनी होते: आपल्या घरात सारे कर्करोगाने मरतात, आपणही मरणार, मग न पिऊन काय साधायचे?

लिंच यांनी समाजसेविका ॲन क्रश यांच्या साहाय्याने त्या घराण्याचा माग काढला. नातलगांची घरे त्यांनी पालथी घातली, रुग्णालयांची जुनी कागदपत्रे व मृत्यूचे दाखले पडताळून पाहिले. नेब्रास्का व मिशिगन येथील दोन मोठ्या घराण्यांविषयीचा त्यांचा निबंध १९६६ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे काम पाहून मिशिगन विद्यापीठाने वॉर्थिन यांचे जुने दप्तर त्यांच्या हवाली केले, आणि १९७१ साली ‘जी’ कुटुंबाचा १८९५पासूनचा वृत्तान्त पुन्हा एकदा जगापुढे आला. तरीही अनेक वर्षे त्यांचे अनुदानाचे अर्ज फेटाळले जात होते. कर्करोग विषाणूंमुळे किंवा परिसरातील द्रव्यांमुळे होतो, रक्ताच्या नात्याचा त्याच्याशी संबंध काय, असेच विद्वानांचे मत होते.

तथापि लिंच यांचे खरे वेगळेपण संशोधनाच्या चिकाटीत तेवढे नव्हते. जमविलेली माहिती ज्यांची होती त्यांच्यापर्यंत ती परत नेली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पुढील काळात ते एकेका घराण्यातील नातलगांना एकत्र बोलावीत, धोका काय आहे व काय करता येईल हे सर्वांसमक्ष समजावून देत, आणि मग ज्याला त्याला स्वतंत्रपणे आपली शंका विचारू देत. भावाभावांत वर्षानुवर्षे न बोलली गेलेली गोष्ट अशा बैठकीत प्रथमच उघडपणे बोलली जाई. ज्या रोगास आज ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात त्यात मुख्यतः मोठ्या आतड्याचा व गर्भाशयाचा कर्करोग संभवतो. लिंच २०१९ साली वारले तेव्हा त्यांचे म्हणणे सर्वमान्य झाले होते.

ते सर्वमान्य होण्यास जनुकशास्त्राचा आधार मिळाला. पेशी दुभंगते तेव्हा तिच्यातील आनुवंशिक मजकुराची नक्कल होते. पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून जसे एखादे अक्षर चुकते तशा चुका येथेही होतात. पण त्या शोधून दुरुस्त करणारी यंत्रणाही पेशीतच असते. १९९३ साली या दुरुस्तीच्या कामातील ‘एमएसएच-२’ या जनुकाचा मानवी रोगाशी संबंध सिद्ध झाला. ते जनुक बिघडले म्हणजे चुका साचत जातात आणि त्यांतून कर्करोग उद्भवतो. ‘जी’ कुटुंबातील नेमका बिघाड याच जनुकात असल्याचे २००० साली निश्चित झाले. असा बिघाड आईकडून वा बापाकडून प्रत्येक अपत्यास मिळण्याचा संभव निम्मा असतो. म्हणजेच निम्म्या अपत्यांना तो मिळत नाही, हेही तितकेच खरे. शिवाय एकूण कर्करोगांपैकी सुमारे पाच ते दहा टक्केच असे वारशाने येतात. घरात एकास कर्करोग झाला म्हणून सारे घराणे शापित ठरत नाही.

ज्ञानाबरोबर या वेळी उपायही आला. मोठ्या आतड्यात लवचिक दुर्बीण घालून तपासणी केली म्हणजे रोगाचे पूर्वरूप असलेले मांसाचे लहान कोंब तेव्हाच काढून टाकता येतात. फिनलंडमध्ये अशा २२ घराण्यांतील २५२ माणसांवर पंधरा वर्षे नजर ठेवण्यात आली. ज्यांनी दर तीन वर्षांनी तपासणी करून घेतली त्यांच्यात आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. तपासणी करून घेणाऱ्यांपैकी त्या रोगाने एकही दगावला नाही. न करून घेणाऱ्यांतील नऊ जण दगावले. हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. आता तर ही तपासणी विशीच्या मध्यापासूनच, एक-दोन वर्षांच्या अंतराने करावी असा सल्ला सामान्यतः दिला जातो. शिवणकाम करणाऱ्या त्या स्त्रीला जे अटळ वाटले ते अटळ नव्हते; तिच्या काळी ते टाळण्याचे साधन तेवढे नव्हते.

तरीदेखील रक्ताची चाचणी झाली आणि दुर्बीण आली म्हणजे कुटुंबाचा प्रश्न सुटला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ज्याच्यात दोष निघाला त्याला आपल्या मुलांच्या तोंडाकडे पाहवत नाही. ज्याच्यात निघाला नाही, त्याला भावंडास सोडून आपणच कसे सुटलो, ही रुखरुख लागून राहते. एकाने चाचणी केली की न मागताही दुसऱ्याचे भविष्य थोडेसे उघडे पडते. आणि कोणाला ते जाणून घ्यावयाचे नसेल तर त्याच्या त्या इच्छेलाही मान द्यावा लागतो. नोकरीची भीती असते, विम्याची असते. ती निराधार नव्हती म्हणूनच तर अमेरिकेला २००८ साली कायदा करून आरोग्यविमा व नोकरी यांत आनुवंशिक माहितीवरून भेदभाव करण्यास मनाई करावी लागली. आणि त्या कायद्याच्या कक्षेतही आयुर्विमा आलाच नाही. चाचणीपूर्वी व चाचणीनंतर शांतपणे बोलणारा समुपदेशक, वर्षानुवर्षे तपासणीची आठवण देणारी नोंदवही, आणि त्याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या कुटुंबाची सोबत, या तिहींवाचून नुसती चाचणी म्हणजे पुन्हा तेच निष्ठुर ज्ञान होय.

कुटुंबच पुढे सरसावले तर काय घडते, याचे उदाहरण न्यूझीलंडने घालून दिले आहे. तेथील एका माओरी घराण्यात तीस वर्षांत पंचवीसहून अधिक माणसे जठराच्या कर्करोगाने गेली होती. घराण्यास शाप आहे, असे लोक म्हणत. घराण्यातील काही जणांनी हा शाप आहे की दुसरे काही, याचा छडा लावण्याचे ठरविले आणि ते स्वतः होऊन ओटागो विद्यापीठातील संशोधकांकडे गेले. त्यांनीच वंशावळ जुळविली, नातलगांची मने वळविली. १९९८ साली पॅरी गिलफोर्ड व सहकाऱ्यांनी त्या रोगाचे जनुक शोधल्याचे जाहीर केले, तेव्हा निबंधाच्या लेखकांत त्या कुटुंबातील व्यक्तींची नावेही होती. हा रोग जठराच्या अस्तराखाली लपतो व दुर्बिणीस सहसा सापडत नाही. म्हणून दोष असलेल्या पुष्कळांनी निरोगी असतानाच जठर काढून टाकण्याचा कठीण निर्णय घेतला. असा निर्णय एकट्याने घेणे कोणासही जड जावे. तेथे तो सारे गोत पाठीशी असताना घेतला गेला, आणि घराण्याने उभारलेल्या आरोग्यकेंद्राने त्यांची पाठराखण केली.

मराठी घरांना वंशावळीचे अप्रूप नवे नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यास जाऊन राहिलेल्या घराण्यांच्याही पिढ्या सापडतात. त्या वह्यांत नावे असतात. कोण कशाने गेले, हे बहुधा नसते. ते घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या आठवणीत असते. आत्या कोणत्या वयात गेली, आजीला ‘पोटाचे’ काय झाले होते, हे त्यांनाच ठाऊक. आणि मुलींची लग्ने अडतील या भयाने तेही दबक्या आवाजातच बोलले जाते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आनुवंशिक कर्करोगासाठी स्वतंत्र विभाग आहे. पण तेथील डॉक्टरांचा पहिला प्रश्नही १८९५ साली वॉर्थिन यांनी विचारलेलाच असतो: घरात कोण, केव्हा, कशाने गेले? घराने मौन धरले तर प्रयोगशाळा फारशी पुढे जाऊ शकत नाही.

‘जी’ कुटुंबाच्या वंशावळीत पुढे नऊशेंहून अधिक वंशजांची नोंद झाली. त्यांच्यापैकी एक, कॅनडातील लेखिका एमी मके, यांच्यातही तो बिघाड निघाला. त्या नियमाने तपासणी करून घेतात. २०१९ साली त्यांनी ‘डॉटर ऑफ फॅमिली जी’ हा आपल्या घराण्याचा वृत्तान्त लिहिला आणि सव्वाशे वर्षे ‘एक शिवणकाम करणारी स्त्री’ म्हणून ग्रंथांतून वावरणाऱ्या आपल्या पूर्वजेचे नाव वाचकांपुढे ठेवले. तिचे नाव पॉलिन ग्रॉस. तिने आपले मरण टाळले नाही. पण आप्तांची नावे एकामागून एक सांगितली, आणि त्या नावांच्या आधाराने तिच्या मागून आलेली माणसे आज आपल्या पोरांची लग्नकार्ये पाहत आहेत.