बोराटीची रात्र, कागदांच्या आधारे

2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या परिसरात एक वाघीण गोळी लागून मेली. वनविभागाच्या नोंदीत ती टी-1, वर्तमानपत्रांत अवनी. त्या रात्रीवरून पुढे महाराष्ट्रात दोन तट पडले. मला मात्र आधी कागद तारीखवार लावून वाचायचे आहेत.

पहिला कागद 4 सप्टेंबरचा, राज्याच्या वन्यजीव विभागाच्या प्रमुखांचा आदेश. त्यात क्रम घालून दिला आहे: बछडे पकडायचे, वाघिणीला भूल देऊन धरायचे आणि ते साधलेच नाही तर गोळी. नागपूर खंडपीठाने या आदेशात हस्तक्षेप केला नाही. 11 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही केला नाही, फक्त गोळी घालणाऱ्याला बक्षीस देऊ नये असे बजावले.

आदेशामागे यादी होती: जून 2016 पासून पांढरकवडा वनविभागात वाघाने मारलेली 13 माणसे. हा मुलूख व्याघ्र प्रकल्पाचा नव्हे. कपाशी-तुरीची शेते, मध्येमध्ये झुडपी जंगलाचे तुकडे, आणि त्यांतूनच ढोरे चारायला जाणारी वाट. यादीतले पहिले नाव बोराटीच्याच एका वृद्ध बाईचे. ती कपाशीच्या शेतात मारली गेली. एकट्या ऑगस्ट 2018 मध्ये वेडशी, विहीरगाव आणि पिंपळशेंडा या गावांतली तीन माणसे गेली. यादी वाचताना एक भान ठेवावे लागते: तेराही मृत्यू टी-1 नेच घडवले, हे डीएनए तपासणीने सिद्ध झालेले नव्हते. त्याच पट्ट्यात टी-2 हा नरही फिरत होता. पण म्हणून गावकऱ्यांची भीती खोटी ठरत नाही. पीक राखायला जावे की जीव, हा प्रश्न त्यांना रोज सकाळी पडत होता, आणि वाघ नेमका कोणता याने त्याच्या उत्तरात काही फरक पडत नव्हता.

आता ती रात्र. वाघिणीच्या मागावर गेलेल्या पथकाचे म्हणणे असे: वाघीण रस्त्याजवळ दिसली, जीपमधून भुलीचा डार्ट मारला, ती उलटून उघड्या जीपवर चालून आली आणि आठ-दहा मीटरवरून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडावी लागली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 मध्ये स्वसंरक्षणाला जागा आहे, म्हणून हा तपशील कळीचा.

शवविच्छेदन नागपूरला गोरेवाड्यात झाले. गोळी डाव्या खांद्यातून शिरलेली होती. समोरून चालून येणारे जनावर ऐन क्षणी वळूही शकते, त्यामुळे एवढ्या एका खुणेवर मी निकाल दिला नसता. पण राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने नेमलेल्या तिघांच्या समितीने इतर बाबीही तपासल्या. पथकाबरोबर पशुवैद्यक नव्हता. डार्टमधले औषध कालवल्यापासून 24 तासांत वापरायचे असते; हे 56 तासांचे होते. उलटे मोजले तर ते 31 ऑक्टोबरच्या दुपारी तयार झालेले ठरते. एवढ्या शिळ्या औषधावर भिस्त ठेवून, डॉक्टरशिवाय, अंधारात निघालेल्या जीपने आदेशातली मधली पायरी मनापासून चढायचा प्रयत्न केला, हे मला पटत नाही. वाघीण चालून आल्याचा दावा समितीनेही मान्य केला नाही. ज्याने गोळी झाडली, त्याला तशी परवानगीही नव्हती. ज्या नेमबाजाला बोलावले होते, तो त्या रात्री तिथे नव्हता.

वाघिणीच्या पोटात अन्न नव्हते, हेही शवविच्छेदनातलेच. तिच्यामागे दहा-अकरा महिन्यांचे दोन बछडे राहिले. आदेशाने पहिल्या पायरीवर ठेवलेले. त्यांतली मादी 22 डिसेंबरला, आईच्या मृत्यूनंतर 50 दिवसांनी पकडली गेली. तिला पेंचमध्ये वाढवून मार्च 2021 मध्ये जंगलात सोडले. त्याच महिन्यात दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत ती मेली.