एका कानाचे बहिरेपण व श्रवणयंत्र : जव्हार-मोखाडा

एका कानाने नीट ऐकू येते, दुसऱ्याने कमी किंवा मुळीच येत नाही, अशी स्थिती. हाकेला ओ मिळते, म्हणून घरच्यांच्या हा दोष लवकर लक्षात येत नाही. आवाज दोन्ही कानांत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतराने पोहोचतो आणि त्यावरून मेंदू दिशा ताडतो. एक कान गेला की हॉर्न ऐकू येतो, पण जीप घाटातून वर येतेय की खाली उतरतेय ते कळत नाही. तारपा नाचात तारपकरी मध्ये असतो. फेर ज्या दिशेने फिरेल त्यावर कुठला कान त्याच्याकडे राहणार हे ठरते.

गालगुंड, मेंदूज्वर, वर्षानुवर्षे वाहणारा कान, डोक्याला मार ही कारणे. रातोरात कान बंद झाला तर उपचार काही दिवसांतच सुरू व्हावे लागतात. तेल घालून वाट पाहण्यात तेच दिवस हातचे जातात.

त्या कानाने थोडेफार ऐकू येत असेल तर कानामागचे साधे मशीन चालते. पूर्ण गेलेल्या कानाला ते लावून उपयोग नाही. तिथे ‘क्रॉस’ यंत्र वापरतात : बहिऱ्या बाजूचा माइक आवाज टिपून चांगल्या कानाकडे धाडतो. दिशेची जाण मात्र त्याने परत येत नाही.

खरी अडचण कागदावर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांवर बेतली आहे. टक्केवारी काढताना चांगला कान पाचपट धरतात आणि बेरजेला सहाने भागतात. त्यामुळे एक कान पूर्ण गेला तरी दोष जेमतेम 17 टक्के भरतो. सवलतींसाठी 40 लागतात. मजुरीवर जगणाऱ्या पाड्यातल्या घराला हा हिशेब अन्यायाचा आहे. सखोल तपासणीसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना 1983) आहे, पण मोखाड्याहून तिथे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते.

आश्रमशाळेत बिनखर्चाचा उपाय आहे. डावा कान गेलेल्या मुलाला वर्गात डाव्या भिंतीलगत, पुढे बसवावे. उजवा कान वर्गाकडे राहतो.

मशीनला सर्वांत जपावे लागते ते पावसात. आवणीला जाताना ते घरी काढून ठेवावे, रात्री ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत ठेवावे. बॅटरीवरचा चिकट कागद काढला की ती हवेने जागी होते आणि वापरली नाही तरी उतरू लागते. म्हणून तो गरज पडेल तेव्हाच सोलायचा.