वर्गणी संपल्यावर सेट टॉप बॉक्स बंद कसा पडतो?

डीटीएच सेवेची वर्गणी संपली की वाहिन्या दिसेनाशा होतात आणि पडद्यावर रिचार्जची सूचना झळकते. कंपनीने आपल्या घराकडे येणारे प्रक्षेपण तोडले, असा अनेक ग्राहकांचा समज होतो. प्रत्यक्षात विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहाचे संकेत वर्गणीदार आणि थकबाकीदार अशा दोघांच्याही छतावर सारखेच पोहोचत असतात. एका घरापुरते ते थांबविता येत नाहीत. थांबते ती फक्त ते उलगडण्याची परवानगी.

सशुल्क वाहिन्यांचे चित्र आणि ध्वनी प्रक्षेपणापूर्वीच सांकेतिक रूपात बदलले जातात. ते उलगडणारी किल्ली दर काही सेकंदांनी बदलते आणि तीही कुलूपबंद स्वरूपात प्रक्षेपणाबरोबरच येते. बॉक्समधील कार्ड अथवा चिप त्या वाहिनीची परवानगी आहे का, हे तपासते. असल्यासच किल्ली उघडते. या व्यवस्थेला ‘कंडिशनल अॅक्सेस सिस्टीम’ म्हणतात. मुंबईच्या काही भागांत ३१ डिसेंबर २००६ पासून केबलसाठी लागू झालेल्या ‘कॅस’चे नाव याच शब्दांच्या आद्याक्षरांवरून आले.

प्रत्येक कार्डाला किंवा बॉक्सला स्वतंत्र क्रमांक असतो. कंपनी त्या क्रमांकाच्या नावे उपग्रहामार्फतच संदेश पाठविते. तो लाखो बॉक्सपर्यंत पोहोचतो. अंमल मात्र एकच बॉक्स करतो. परवानगी रद्द करण्याचा संदेश मिळताच वाहिन्या बंद होतात. बॉक्सचे बटण बंद ठेवून हा संदेश चुकविता येईल, अशी पळवाट राहू नये म्हणून परवानगीलाच मुदत घालण्याची सोयही या व्यवस्थेत असते. मुदत नव्या संदेशाने वाढविली नाही, तर ती आपोआप संपते.

ग्राहकांची खरी अडचण सेवा पुन्हा सुरू करताना होते. उपग्रहाकडून येणारा हा मार्ग एकतर्फी आहे. संदेश मिळाल्याची पोच बॉक्स उपग्रहाला देऊ शकत नाही. त्यामुळे संदेश काही काळ पुन:पुन्हा पाठविला जातो आणि नंतर थांबतो. गावी गेलेल्या कुटुंबाने तेथूनच मोबाइलवरून रिचार्ज केले आणि घरचा बॉक्स बंद असला, तर पैसे जमा होऊनही परतल्यावर पडदा कोराच राहू शकतो. अशा वेळी दुसऱ्यांदा रिचार्ज करणे व्यर्थ आहे. बॉक्स सुरू करून एखादी वाहिनी लावून ठेवावी, कंपनीकडे ‘रिफ्रेश’ची मागणी करावी आणि काही मिनिटे वाट पाहावी. मात्र, संकेत मिळत नसल्याची सूचना पडद्यावर असेल, तर दोष वर्गणीत नसून छत्री, केबल किंवा पावसात आहे, हे ओळखावे.

बॉक्समध्ये ध्वनिमुद्रित केलेले कार्यक्रमही बहुधा कुलूपबंदच साठविलेले असतात. वर्गणी संपल्यावर ते उघडतीलच, याची खात्री नसते.

दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू केलेली आणि आता ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाणारी सेवा याला अपवाद आहे. तिला मासिक वर्गणीच नसल्याने थकबाकीपोटी बॉक्स बंद पडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.