उतारवयांतील शिष्य

देवळांत ऑर्गनपाशीं एखादा वयस्क गृहस्थ प्रथमच बसला कीं मुलें हंसतात, आणि तो बिचारा उठून जातो. अशांस पेकिंगची एक हकीगत सांगण्याजोगी आहे.

येशूसंघीय फादर मातेओ रिच्ची (हे १५७८ ते १५८२ पर्यंत गोवा व कोचीन येथें होते) यांनीं इ. स. १६०१ त चीनचा बादशहा वान्ली यास ज्या वस्तु नजर केल्या, त्यांत क्लॅव्हिकॉर्ड नांवाचें पट्ट्यांचें तंतुवाद्य होतें. तें शिकण्यास दरबारचे चार खोजे नेमण्यांत आले. शिकविणारे फादर दिएगो दे पांतोहा स्वतःच नवशिके. नुकतेच नानकिंग येथें, वयाच्या तिशीच्या सुमारास, फादर लाझारो कात्तानेओ यांजकडून तें शिकले होते!

प्रथम चौघांनीं भूमीस मस्तक टेकून गुरूस प्रणाम केला, आम्ही मंदगति ठरलों तरी रागावूं नये अशी विनंति केली, आणि मग जणूं तें सजीवच आहे अशा भावनेनें वाद्यासहि वंदन केलें. सतारीस नमस्कार करणाऱ्या आपल्याकडील शिष्यास यांत नवल वाटणार नाहीं. प्रत्येकानें एकेकच चीज पत्करली. दोघे तरुण चटकन् शिकले. परंतु ते इतर सोबत्यांसाठीं थांबून राहिले, म्हणून महिन्याहून अधिक काळ लागला. हें थांबणें मला त्या शिक्षणाहूनहि थोर वाटतें.

बादशहानें गीताचे शब्द विचारले तर? या धास्तीनें त्यांनीं शब्द मागितले, व रिच्चींनीं चिनी भाषेंत आठ गीतें रचिलीं. चाली आज उपलब्ध नाहींत. शब्द १६०८ सालीं छापले गेल्यामुळें राहिले. त्यांपैकीं एकाचा विषय, वय झालें पण सद्गुण जोडला नाहीं याचा पश्चात्ताप, हा आहे.