राजपूत वर्ग (विनाशिका)

भारतीय नौदलासाठी सोव्हिएत संघात बांधलेल्या पाच क्षेपणास्त्रवाहू विनाशिकांचा वर्ग. राजपूत, राणा, रणजित, रणवीर आणि रणविजय या युद्धनौका १९८० ते १९८८ या काळात नौदलात दाखल झाल्या. त्यांची बांधणी निकोलायेव्ह (आता युक्रेनमधील मिकोलायिव्ह) येथील ‘६१ कम्युनार्ड’ गोदीत झाली. पहिल्या तिघींची नावे १९४९ मध्ये ब्रिटनकडून घेतलेल्या विनाशिकांची आहेत. त्यामुळे एक गल्लत हमखास होते. डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी बुडाली. तिच्याशी जोडली जाते ती राजपूत ही जुनी ब्रिटिश बनावटीची, या वर्गातली नव्हे.

मूळ आराखडा सोव्हिएत ‘प्रकल्प ६१’चा; नाटोच्या यादीत त्याचे नाव ‘काशिन’. बॉयलरला फाटा देऊन केवळ गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या मोठ्या युद्धनौका जगात प्रथम याच आराखड्यावर बांधल्या गेल्या. टर्बाइनच्या चढ्या सुरामुळे सोव्हिएत खलाशी त्यांना ‘गाणाऱ्या फ्रिगेट’ म्हणत. चार टर्बाइन, सुमारे ७२,००० अश्वशक्ती आणि ३५ नॉटांच्या आसपास वेग. लांबी साधारण १४७ मीटर, पूर्ण भारासह विस्थापन पाच हजार टनांच्या घरात.

भारतासाठी केलेले बदल मात्र वरवरचे नव्हते. मागची ७६ मिमी तोफ काढून पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टरची सोय झाली. हँगर डेकच्या खाली असल्याने हेलिकॉप्टर लिफ्टने वर आणावे लागे. जागा वाचवणारी युक्ती खरी, पण सुटसुटीत म्हणता येणार नाही. सुधारित सोव्हिएत काशिनांवर जहाजविरोधी क्षेपणास्त्रांची तोंडे मागे होती. इथे चारही प्रक्षेपक पुढच्या दिशेने बसवले. कराचीवरील १९७१च्या हल्ल्यात अशाच जातीची क्षेपणास्त्रे लहान बोटींवरून डागली गेली होती. आता ती मोठ्या, लांब पल्ल्याच्या जहाजावर आली.

या वर्गातली पहिली नौका राजपूत ४ मे १९८० रोजी जॉर्जियातील पोती बंदरात नौदलात दाखल झाली. मॉस्कोतील तत्कालीन राजदूत इंद्रकुमार गुजराल त्या वेळी हजर होते. कॅप्टन गुलाब हिरानंदानी तिचे पहिले कमांडिंग ऑफिसर. ते पुढे नौदलाचे उपप्रमुख झाले आणि त्यांनी नौदलाचा इतिहासही लिहिला. भूदलाच्या रेजिमेंटशी (राजपूत रेजिमेंट) संलग्न झालेली नौदलाची पहिली नौका हीच.

या वर्गाचे उत्तरायुष्य अधिक लक्षणीय आहे. ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या जहाजावरील चाचण्यांसाठी राजपूत वापरली गेली. डिसेंबर २००८ मध्ये रणवीरवरून ते उभे डागण्यात आले. जुन्या सांगाड्यावर नवे अस्त्र बसवून पाहण्याचे काम या नौकांनी चोख केले. मुंबईत माझगाव गोदीत बांधलेल्या दिल्ली वर्गाच्या आराखड्यावरही त्यांची छाप आहे.

पूर्व किनाऱ्यावरून मुंबईत आलेल्या रणवीरवर १८ जानेवारी २०२२ रोजी नौदल गोदीत अंतर्गत कक्षात स्फोट होऊन तीन नौसैनिक मृत्युमुखी पडले. त्याआधीच रणजित ६ मे २०१९ रोजी आणि राजपूत २१ मे २०२१ रोजी, दोन्ही विशाखापट्टणमला, सेवामुक्त झाल्या होत्या. कोविडमुळे राजपूतचा निरोप मोजक्याच उपस्थितीत उरकावा लागला.