हेस्टिंग्सचा डाव

बुद्धिबळ हा खेळ मूळचा भारतीय. परंतु युरोपांत त्याचे नियम पालटले, आणि ज्या घरीं तो जन्मला त्या घरच्या खेळाडूंना तो पुन्हां नव्यानें शिकावा लागला. मीर सुलतानखान यांची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे.

पंजाबांतील शाहपूर जिल्ह्याचे जमीनदार सर उमर हयातखान हे त्यांचे आश्रयदाते. सुलतानखान देशी पद्धतीवर तयार झालेले. त्या पद्धतींत प्यादें पहिल्या खेळींतही एकच घर चालतें. त्यामुळें डाव सावकाश उभा राहतो व खेळणाऱ्याच्या अंगीं धीर बाणतो. १९२८ सालीं ते अखिल भारतीय स्पर्धेंत विजयी झाले. पुढच्याच वर्षीं विलायतेस जाऊन त्यांनीं ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें.

हेस्टिंग्स येथील १९३०-३१ च्या स्पर्धेंत त्यांची गांठ क्यूबाचे कापाब्लांका यांच्याशीं पडली. कापाब्लांका १९२१ ते १९२७ पर्यंत जगज्जेते होते, आणि १९१६ पासून १९२४ पर्यंत स्पर्धेंत ते एकदांही हरले नव्हते.

सुलतानखान यांच्याकडे पांढरे मोहरे होते. एकविसाव्या खेळीपासून कापाब्लांकांचे दोन्ही हत्ती शह देत आंत घुसले. सुलतानखानांनीं आपला वजीर देऊन ते दोन्ही मारले. वरवर पाहतां ज्याचा वजीर शाबूत त्याची सरशी. परंतु मधलीं प्यादीं एकमेकांस अडवून बसल्यानें त्या वजिराला वावच उरला नव्हता. तो पटाच्या कडेला येरझारा घालीत राहिला. सुलतानखानांनीं राजा डाव्या बगलेस नेला, हत्ती एका उभ्या ओळींत लावले आणि प्यादीं एकेक घर पुढें सारलीं. पासष्टाव्या खेळीला एक प्यादें वजीर होण्यापासून दोनच घरें दूर होतें. कापाब्लांकांनीं डाव सोडला. स्पर्धेंत ऑयवे पहिले, कापाब्लांका अर्ध्या गुणानें दुसरे व सुलतानखान तिसरे आले.

१९३२ व १९३३ मध्यें ब्रिटिश पद पुन्हां त्यांचेंच झालें. परंतु १९३३ च्या अखेरीस आश्रयदात्यांबरोबर ते मायदेशीं परतले. १९३५ मध्यें व्ही. के. खाडिलकर यांच्याशीं झालेल्या दहा डावांपैकीं नऊ त्यांनीं जिंकले व एक बरोबरींत सुटला. युरोपच्या पटावर मात्र ते पुन्हां दिसले नाहींत. १९६६ मध्यें ते निवर्तले. जागतिक संघटनेनें ‘ग्रँडमास्टर’ हा सन्मान दिला तो २०२४ मध्यें.

गुण अंगचा असतो. परंतु खेळण्याची संधि दुसऱ्याच्या मर्जीवर राहिली, तर जगज्जेत्यास नमविणारा खेळाडूही चारपांच वर्षांत पटावरून उठतो.