जात्याची फेरी आणि मेंदूतील लहर

जळगावहून भुसावळकडे निघाले की महामार्गावर नशिराबाद लागते. याच परिसरातील आसोद्याला १८८० साली बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मग रचता रचता ओवी मनात टिकत कशी होती?

अडचण खरी आहे. कागद हाती नसला की आधीचा चरण मनात धरूनच पुढचा जुळवावा लागतो आणि माणसाची अल्पकालीन स्मृती फार तोकडी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तिची मर्यादा साधारण सात घटकांची सांगितली. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली. मिलर यांचे अधिक मोलाचे म्हणणे मात्र त्या सातच्या आकड्याखाली झाकले जाते: सुटे घटक एकत्र बांधले, तर ती जुडी एकच घटक म्हणून मोजली जाते.

ही मर्यादा येते कुठून? हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी प्रथम नोंदवल्या. त्या लहरींच्या आधारे जॉन लिस्मन आणि मार्को इडिआर्ट यांनी १९९५ मध्ये एक गृहीतक मांडले. थीटा ही संथ लहर सेकंदाला पाच-सात वेळा उसळते, गॅमा ही द्रुत लहर चाळीसेक वेळा. थीटाच्या एका आवर्तनात गॅमाची सातेक आवर्तने मावतात आणि दर आवर्तनात एकेक घटक पुन्हा जागा होतो. जागा संपली की नवा घटक जुन्याला ढकलतो. यावर वाद अजून चालू आहे.

आता ओवीकडे पाहू. बहिणाबाईंच्या अनेक प्रसिद्ध रचनांचा चरण आठ अक्षरांचा आहे. आठ आणि सात यांची सांगड घालण्याचा मोह टाळावा, कारण मन अक्षरे सुटी धरत नाही, शब्द धरते. आणि आठ अक्षरांत शब्द जेमतेम तीन-चार. त्यांतलाही एखादा पुन्हा येतो. पुनरुक्तीचा भार स्मृतीवर जवळजवळ पडत नाही, तेवढ्या अवकाशात पुढचा चरण जुळतो. यमक त्याची वाट आधीच आखून ठेवते. जाते काही थीटाच्या वेगाने फिरत नाही. त्याचे काम निराळे. चरण कुठे संपला, हे हाताला कळते.

पण चरण जुळणे वेगळे आणि रचना वर्षानुवर्षे टिकणे वेगळे. त्यासाठी पुन्हा पुन्हा म्हणणे लागते, नाहीतर दुसऱ्या कोणाची लेखणी. पुत्र सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी लेवा गणबोलीतील या रचना जमेल तशा उतरवून घेतल्या. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्रे यांना दाखवले आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. कागदावर न उतरलेल्या ओव्या त्यांच्याबरोबरच गेल्या.

पुढे १९८० च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टिपायला घेतल्या. तो संग्रह १ लाखाच्या पुढे गेला. तोवर घरोघरची जाती पिठाच्या गिरणीपुढे मागे पडू लागली होती.